चौसष्ट हजार गणकांचे सभागृह

तीस जून ही तारीख बँकेत नोकरी केलेला माणूस सहसा विसरत नाही. सहामाही अखेर! पनवेलच्या आमच्या शाखेत १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला बचत खात्यांची बारा लेजरे होती. संध्याकाळी शटर अर्धे खाली यायचे, चहाची किटली फिरायची आणि आम्ही बाराजण आपापले लेजर पुढ्यात ओढून व्याज काढायला बसायचो. हिशेब सगळ्यांचा एकच. दर महिन्याची दहा तारखेपासून महिनाअखेरपर्यंतची कमीत कमी शिल्लक घ्यायची, सहा महिन्यांची बेरीज करायची, दराने गुणायचे, भागायचे, की पुढचे खाते. कोणी कोणाशी बोलत नसे. रात्री उशिरा बेरजा जुळवायला घेतल्या की अकरा लेजरे जुळत आणि बारावे हटकून अडत असे. मग फरकाला नऊने भाग जातो का ते पाहायचे. गेला तर बहुधा कुठेतरी दोन आकड्यांची अदलाबदल झालेली असायची. ती सापडेपर्यंत बाकीच्या अकराजणांनी पेंगत बसायचे. बाहेर पाऊस कोसळत असे आणि शेवटची एस. टी. निघून गेलेली असे.

ही आठवण यायला निमित्त झाले ते माझ्या भाच्याचे. तो पुण्यात संगणकाच्या क्षेत्रात आहे. गेल्या मे महिन्यात आला तेव्हा नातवाचा खेळायचा संगणक उघडून बसला होता. त्यातून त्याने विटेएवढा एक जाडजूड ठोकळा बाहेर काढला. त्याला पंखे होते. याला ग्राफिक्स कार्ड म्हणतात, पडद्यावरची चित्रे हे काढते, एवढे मला माहीत होते. पण हल्ली याच्यावर पावसाचे अंदाज काढतात, औषधांचे रेणू तपासतात, असे तो म्हणाला तेव्हा मी चष्मा पुसला. चित्रे काढणाऱ्याचा आणि पावसाचा काय संबंध?

संबंध असा. पडद्यावर वीस लाखांहून अधिक ठिपके असतात आणि खेळ चालू असताना प्रत्येक ठिपक्याचा रंग सेकंदाला साठ वेळा नव्याने ठरवावा लागतो. हिशेब सोपा, पण ठिपके अफाट. एकच हुशार अधिकारी बसवला तर तो सगळे ठिपके एकामागून एक करीपर्यंत खेळणारे पोर उठून जाईल. म्हणून या ठोकळ्यात एका हुशार अधिकाऱ्याऐवजी हजारो साधे कारकून बसवलेले असतात आणि सगळे एकाच वेळी एकच हिशेब आपापल्या ठिपक्यासाठी करतात. शास्त्रज्ञांच्या लक्षात आले की ठिपक्याच्या जागी हवेचा एक तुकडा ठेवला तर हेच कारकून वाऱ्याचाही हिशेब करतील. सुरुवातीला त्यांना आपले गणित चित्र असल्याची बतावणी करून त्या यंत्राच्या गळी उतरवावे लागे. २००६ साली एनव्हीडिया कंपनीने क्युडा ही पद्धत जाहीर केली आणि ही बतावणी संपली. आता आज्ञावली लिहिणारा एकाच कारकुनासाठी परिपत्रक लिहितो. ते एकदम हजारोंच्या हाती पडते आणि प्रत्येकजण त्यात आपला क्रमांक घालून आपले लेजर उघडतो.

मी भाच्याला तीस जूनची गोष्ट सांगितली. तो हसला आणि म्हणाला की मामा, हे सगळे एका माणसाने शंभर वर्षांपूर्वीच लिहून ठेवले आहे. त्या माणसाचे नाव लुईस फ्राय रिचर्डसन. यंदाचा पावसाळा मी त्यांच्याविषयी मिळेल ते वाचण्यात घालवला.

रिचर्डसन यांचा जन्म ११ ऑक्टोबर १८८१ रोजी इंग्लंडमधील न्यूकॅसलचा. सात भावंडांत धाकटे. वडिलांचा कातडी कमावण्याचा धंदा होता आणि घराणे क्वेकर पंथाचे. हा पंथ युद्ध मानत नाही. कोणत्याही कारणाने माणसावर शस्त्र उचलायचे नाही, ही शिकवण त्या घरात पाळण्यापासूनची. पुढे या माणसाच्या आयुष्यातले बहुतेक फाटे याच एका गोष्टीमुळे फुटले. केंब्रिजहून १९०३ साली पदवी घेतल्यावर दहा वर्षे त्यांनी नोकऱ्या बदलल्या. आज सरकारी प्रयोगशाळा, उद्या कॉलेज, मग दलदलीतल्या पीट नावाच्या इंधनाची कंपनी, मग विजेच्या दिव्यांचा कारखाना. आपल्याकडे अशा मुलाला स्थळ मिळाले नसते. त्यांना मात्र १९०९ साली डोरोथी गार्नेट मिळाल्या आणि त्यांनी शेवटपर्यंत साथ दिली.

या भटकंतीत एक गोष्ट त्यांच्या हाती लागली. पाणी जमिनीत कसे मुरते, दगडी धरणाच्या भिंतीवर ताण कसा पडतो, याची समीकरणे मांडता येतात पण सुटत नाहीत. रिचर्डसन यांनी भिंतीचे चौकोन पाडले आणि प्रत्येक चौकोनाचा हिशेब शेजारच्या चौकोनांवरून करायचा अशी रीत बसवली. कूट समीकरणाची जागा बेरीज, वजाबाकी, गुणाकाराने घेतली. काम शाळकरी पोरालाही जमावे असे झाले, फक्त ढीगभर वाढले. त्यांनी खरोखरच पोरे कामाला लावली आणि १९१०च्या आपल्या निबंधात त्यांचा मेहनतानाही नोंदवून ठेवला. दर आकड्यांच्या संख्येवर ठरलेला, अगदी पेनीच्या अठराव्या भागाच्या हिशेबाने! सर्वांत चलाख पोरगा आठवड्याला तीन आकडी संख्यांची सुमारे दोन हजार गणिते करी आणि चुकलेली त्यातून वजा होत. पोरांचा खरा घोटाळा अधिक-उण्याच्या चिन्हांत होई, हेही त्यांनी लिहिले आहे. जमा-नावेत घोटाळा करणारे कितीतरी नवे कारकून माझ्या हाताखालून गेले, त्यामुळे या वाक्यावर मी बराच वेळ थांबलो. त्या काळी इंग्रजीत कॉम्प्युटर म्हणजे अशी आकडेमोड करणारा माणूस. आपण त्याला गणक म्हणू.

एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाली. त्यानंतर रिचर्डसन पत्नीला घेऊन नावेत बसले. हातात एक साधी शिटी आणि एक छत्री. शिटी वाजवायची आणि समोरून येणारा प्रतिध्वनी उलट्या छत्रीत पकडून किती लांबून आला ते पाहायचे. पुढचा हिमनग धुक्यात दिसला नाही तरी ऐकू यावा, ही कल्पना. त्याच वर्षी त्यांनी तिच्या पेटंटसाठी अर्जही केला. कोणाचे तरी प्राण वाचावेत म्हणून हिशेब करायचा, हा त्यांचा स्वभावच होता.

१९१३ साली हवामान खात्याने त्यांना स्कॉटलंडमधील एस्कडेलम्यूर वेधशाळेचे प्रमुख नेमले. ओसाड, पावसाळी जागा; विचार करायला उत्तम. तेव्हाचा हवामान अंदाज म्हणजे आजच्यासारखा नकाशा जुन्या कपाटात शोधायचा आणि त्या वेळी पुढे काय झाले ते पाहायचे. रिचर्डसन यांना हे पटेना. वातावरण इतिहास गिरवत नाही, ते भौतिकशास्त्राचे नियम पाळते. मग धरणाच्या भिंतीचे पाडले तसे हवेचेही चौकोन का पाडू नयेत?

एवढ्यात महायुद्ध सुरू झाले. शस्त्र धरायचे नाही हे ठरलेलेच, पण वेधशाळेत उबेला बसून राहणेही मनाला पटेना. खात्याने सोडायला नकार दिला तेव्हा १९१६ साली त्यांनी राजीनामा दिला आणि क्वेकरांच्या रुग्णवाहिका पथकात चालक म्हणून ते फ्रान्सच्या आघाडीवर गेले. तोफा चालू असताना जखमी फ्रेंच सैनिक गाडीत घालून मागे आणायचे, हे काम. आणि पाळी नसेल तेव्हा थंड, ओल्या मुक्कामात गवताच्या गंजीवर बसून गणित!

त्यांनी दिवस निवडला २० मे १९१०, कारण त्या दिवसाची युरोपभरची निरीक्षणे त्यांच्यापाशी होती. सकाळी सात वाजताची स्थिती घ्यायची आणि सहा तासांत मध्य युरोपात एका ठिकाणी हवेचा दाब किती बदलेल ते कागदावर काढायचे. हवेचे पाच थर, सुमारे दोनशे किलोमीटरचे चौकोन. एवढ्या मोठ्या चौकोनात आपले मुंबई, पुणे आणि नाशिक एकत्र मावेल. तक्ते आखून दोनच स्तंभांचा हिशेब पुरा करायला सहा आठवडे लागले. उत्तर आले, दाब १४५ मिलिबारने वाढेल. प्रत्यक्षात त्या दिवशी दाब जवळजवळ हलला नव्हता. मोठ्या वादळातसुद्धा एवढा फरक पडत नाही. म्हणजे उत्तर थोडेथोडके नव्हे, हास्यास्पद चुकले होते.

मधल्या काळात १९१७च्या एप्रिलमधील शाम्पेनच्या लढाईत हस्तलिखित पिछाडीला पाठवताना हरवलेही. काही महिन्यांनी ते बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडले. दुसऱ्या कोणी म्हटले असते, कोळशाखालीच बरे होते. रिचर्डसन यांनी १९२२ साली केंब्रिजकडून पुस्तक छापले आणि त्यात ते चुकलेले उत्तर सगळ्या तक्त्यांसकट, एक आकडा न लपवता दिले. बँकेत तीन दशके काढली मी. न जुळणारी बेरीज सस्पेन्स खात्यात टाकून निश्चिंतपणे घरी जाणारे खूप पाहिले. न जुळलेली बेरीज स्वतःच्या नावावर छापून जगापुढे ठेवणारा माणूस पाहिला नाही.

चूक कुठे होती? रीत बरोबर होती. ओपनिंग बॅलन्स चुकला होता. सुरुवातीच्या वाऱ्याच्या आणि दाबाच्या नोंदी एकमेकींशी जुळत नव्हत्या आणि ती बारीक विसंगती हिशेबात फुगत गेली. आयर्लंडचे पीटर लिंच यांनी अनेक वर्षांनी तेच गणित संगणकावर पुन्हा केले, आधी तेच चुकीचे उत्तर आणून दाखवले, मग सुरुवातीचे आकडे नीट करून घेतले. दाबातला बदल एक मिलिबारच्या आत आला. दोन स्तंभांच्या त्या हाताने केलेल्या आकडेमोडीत मोठी चूक नव्हतीच.

पण त्या पुस्तकाची खरी मौज शेवटाकडे आहे. सहा तासांच्या अंदाजाला सहा आठवडे लागले तर उपयोग काय, हा प्रश्न त्यांनाही पडला होता. उत्तरादाखल त्यांनी एक स्वप्न लिहिले. नाट्यगृहासारखे एक प्रचंड सभागृह, गोल, चारी बाजूंनी सज्जे. भिंतींवर पृथ्वीचा नकाशा रंगवलेला. छतावर उत्तर ध्रुव, तळाला अंटार्क्टिका, वरच्या सज्ज्यात उष्ण कटिबंध. त्यात चौसष्ट हजार गणक बसलेले, प्रत्येकजण आपल्या वाट्याच्या तुकड्याचा तेवढाच हिशेब करतो आहे. प्रत्येकापुढे एक छोटी दिवापाटी. तिच्यावर आताचा आकडा उमटतो, म्हणजे शेजाऱ्याला मान वळवून तो वाचता येतो. मध्ये एक उंच खांब, त्याच्यावर व्यासपीठ आणि तेथे सर्वांचा मुख्य. त्याचे एक काम म्हणजे सगळ्यांची गती सारखी राखायची. जो भाग पुढे पळेल त्याच्यावर गुलाबी प्रकाशाचा झोत, जो मागे रेंगाळेल त्याच्यावर निळा. तयार झालेले उद्याचे हवामान चार ज्येष्ठ कारकून उचलतात आणि हवेच्या दाबाच्या नळ्यांतून एका शांत खोलीकडे रवाना करतात. आणि बाहेर? खेळायची मैदाने, घरे, डोंगर, तळी. हवामानाचा हिशेब करणाऱ्यांना मोकळी हवा मिळावी, असे त्यांना वाटत होते. आमच्या शाखेच्या रेकॉर्ड रूममध्ये एक खिडकीही नव्हती.

भाच्याने हे सभागृह आणि हातातला ठोकळा यांचा ताळा मला करून दाखवला, तो सांगतो. रिचर्डसन यांनी पृथ्वीचे दोन हजार स्तंभ कल्पिले आणि प्रत्येकाला बत्तीस गणक दिले. त्याचे चौसष्ट हजार. एनव्हीडियाच्या प्रोसेसरमध्ये कारकुनांची एक तुकडी असते तीही बत्तिसांचीच! हा निव्वळ योगायोग, पण मला भलताच आवडला. या बत्तिसांनी एकाच वेळी एकच पायरी करायची असते. त्यांतल्या काहींना वेगळा नियम लागला, म्हणजे आमच्याकडे मधेच अज्ञान मुलाचे खाते निघावे तसे, तर ते आटोपेपर्यंत उरलेले थांबून राहतात. सगळे एका टप्प्यावर येईतो पुढची पायरी उघडत नाही. तो निळा झोत. शेजाऱ्याचा आकडा वाचायची दिवापाटी म्हणजे तुकड्यांची जवळची, चटकन हाताशी येणारी स्मृती. मोठी स्मृती लांब असते, रेकॉर्ड रूमसारखी. तेथून लेजर आणायला पाठवले की शिपाई गेला तो गेला. चांगला आज्ञावलीकार आकडेमोड कमी करण्यापेक्षा या फेऱ्या कमी करायला झटतो, असे भाचा म्हणाला. कोणत्याही हेडक्लार्कला हे न शिकवता कळले असते.

युद्धानंतर रिचर्डसन हवामान खात्यात परतले होते. ते खाते विमानदलाच्या मंत्रालयाखाली गेले आणि १९२० साली त्यांनी पुन्हा राजीनामा दिला. लष्कराच्या पगारावर हवेचा अभ्यास करायचा नाही, संपले. ज्या विषयात जगात त्यांच्या तोडीचा माणूस नव्हता, त्या विषयाची नोकरी त्यांनी चाळिशीच्या उंबरठ्यावर सोडली आणि एका अध्यापक विद्यालयात पदार्थविज्ञान शिकवू लागले. पदरी मूल नव्हते. पुढे तीन मुले त्यांनी दत्तक घेतली. हवेतल्या भोवऱ्यांवरच्या त्यांच्या अभ्यासात विषारी वायू सोडणारे लोक रस घेत आहेत, हे कळल्यावर तोही त्यांनी थांबवला आणि न छापलेले कागद नष्ट केले, असे डोरोथीबाईंनी सांगून ठेवले आहे. १९२६ साली रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. १९२९ पासून स्कॉटलंडमधील पेझली येथील तंत्रविद्यालयाचे ते प्राचार्य झाले, संशोधन शनिवार-रविवारी.

हा शनिवार-रविवारचा विषय होता युद्ध. राष्ट्रे कशी भडकतात याची त्यांनी समीकरणे मांडली, शंभरावर वर्षांतल्या लढायांची मृतांच्या संख्येप्रमाणे प्रतवारी लावली. ज्यांची सीमा लांब ते देश जास्त लढतात का, हे पाहताना त्यांना आढळले की स्पेन आणि पोर्तुगाल यांची एकच सीमा एका ठिकाणी ९८७ किलोमीटर दिली आहे तर दुसऱ्या ठिकाणी १२१४. मोजपट्टी जितकी लहान, तितकी सीमा लांब. अलीकडे आपल्या सरकारने भारताची किनारपट्टी अधिक बारीक नकाशांवर नव्याने मोजली. ७ हजार ५१६ किलोमीटरची ती ११ हजार ९८ झाली. कोकणातल्या प्रत्येक खाडीच्या वळणाला न्याय मिळाला म्हणायचा.

मोजपट्टी लहान करण्याचे मोल आमच्या रायगडात कोणाला सांगायला नको. २६ जुलै २००५ला गाढी नदी पनवेलच्या घरांत शिरली ती मी पाहिली आहे. १९ जुलै २०२३च्या रात्री येथून जवळच, खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी झोपेत दरडीखाली गेली. जिल्ह्याला पावसाचा इशारा असणे वेगळे आणि त्या एका डोंगराला असणे वेगळे. चौकोन निम्म्याने लहान करायचा तर चौकोनांची संख्या चौपट होते आणि वेळाची पावलेही आखूड करावी लागतात, म्हणजे काम आठपट. म्हणून इतके गणक लागतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत २०२४ साली बसवलेला अर्क हा महासंगणक सेकंदाला ११ हजार ७७० लाख कोटी गणिते करू शकतो. तेथेच तयार झालेली, सहा किलोमीटरचे चौकोन पाडणारी भारत फोरकास्ट प्रणाली मे २०२५ मध्ये सुरू झाली. त्याआधी चौकोन बारा किलोमीटरचे होते. स्वित्झर्लंडच्या हवामान खात्याने तर २०१६ पासून रोजचा अंदाज ग्राफिक्स प्रोसेसरवरच काढायला घेतला. त्यांच्याकडेही डोंगर आहेत आणि डोंगरउतारावर माणसे आहेत. उद्या दरड कोणती कोसळेल हे एवढ्यानेही सांगता येत नाही. सहा किलोमीटरांत एक अख्खा इर्शाळगड मावतो आणि वर जागा उरते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अमेरिकेत लिव्हरमोर येथे २०१८ साली उभा राहिलेला सिएरा आणि २०२४चा एल कॅपिटन या दोन्ही महायंत्रांची उभारणी ग्राफिक्स प्रोसेसरांवरच झाली आणि ती बांधली अण्वस्त्रांचे हिशेब करण्यासाठी. चौकोन तेच, शेजाऱ्याचा आकडा वाचणे तेच. रिचर्डसन यांनी विषारी वायूच्या वेळी कागद नष्ट केले, पण रीत पुस्तकात छापलेली होती.

१९४० साली त्यांनी प्राचार्यपद मुदतीआधीच सोडले आणि पुढे होली लॉक या खाडीच्या काठी किलमन गावी राहायला गेले. निवृत्त माणसाने काय करावे? १९४८ साली त्यांनी अमेरिकन संशोधक हेन्री स्टॉमेल यांच्याबरोबर पार्सनिप नावाच्या गाजरासारख्या कंदाचे तुकडे पाण्यात टाकले आणि ते एकमेकांपासून कसे दूर जातात ते मोजून त्यावर निबंध लिहिला.

१९५० साली अमेरिकेतल्या एनिआक या संगणकावर चार्नी, फ्योर्टोफ्ट आणि फॉन नॉयमन यांनी हवामानाचे पहिले यांत्रिक अंदाज काढले. चोवीस तासांच्या अंदाजाला जवळजवळ चोवीस तासच लागले, म्हणजे यंत्राने हवेची बरोबरी तेवढी गाठली. चार्नी यांनी ते निष्कर्ष रिचर्डसन यांच्याकडे पाठवले. त्यांनी स्वतः निवाडा केला नाही. नकाशे डोरोथीबाईंपुढे ठेवले आणि विचारले, दुसऱ्या दिवशी खरोखर जे झाले त्याच्याशी अधिक मिळतेजुळते कोणते, आदल्या दिवशीचा नकाशा की यंत्राचा अंदाज? बाईंनी एकेक जोडी पाहून गुण दिले. बेरीज यंत्राच्या बाजूने, पण थोडक्यात झुकली. रिचर्डसन यांनी तो निकाल अभिनंदनासह अमेरिकेला कळवला आणि आपल्या त्या एकमेव चुकलेल्या उत्तराच्या मानाने ही फार मोठी मजल आहे, असे मोकळेपणाने लिहिले.

३० सप्टेंबर १९५३ रोजी किलमनच्या घरी झोपेतच ते गेले. युद्धावरची त्यांची दोन्ही पुस्तके १९६० साली छापून बाहेर आली. पुढच्याच वर्षी अमेरिकन आरमाराने होली लॉकमध्ये अणुपाणबुड्यांचा तळ उभारला. किलमनच्या समोरच्या पाण्यात तो १९९२ पर्यंत होता.